बांधावर फेकलेली घोळ मरत का नाही?

खुरपणीत उपटलेलं तण बांधावर फेकलं की माठ संध्याकाळपर्यंत माना टाकतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा पाचोळा होतो. घोळ मात्र चार दिवसांनीही तिथे हिरवीच असते. मध्ये एखादी सर आली तर पडल्या जागी मुळं सोडून पुन्हा रानात शिरायला मोकळी.

तिची मांसल पानं नि देठ पाणी धरून ठेवतात, हे कारण आहेच. पण खरी करामत पानाच्या आत चालते.

पाणी तुटलं की बहुतेक झाडं आधी एकच गोष्ट करतात, दारं लावून घेतात. पानांवरच्या पर्णरंध्रांना ‘बंद व्हा’ हा निरोप ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक देतं. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि फट मिटते. पाणी वाचतं खरं, पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइडही आत येत असतो. म्हणजे तहान भागवायची तर उपाशी राहायचं. हा सौदा साध्या झाडांना फार महाग पडतो. भात किंवा गहू कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडताना पाण्याचे चार-पाचशे रेणू हवेत घालवतात.

ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी यावर तोड काढली आहे. प्रकाशसंश्लेषणातलं मुख्य विकर (एन्झाइम), रुबिस्को, तसं गोंधळी. उन्हाचा कडाका वाढला की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूच पकडू लागतं. म्हणून ही पिकं बाहेरच्या पेशींमध्ये दुसऱ्या विकराकरवी कार्बन पकडतात, चार कार्बनांच्या आम्लात बांधतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतात. तिथे रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की त्याची चूक व्हायला फारसा वाव उरत नाही. ही ‘सी-४’ पद्धत. पाण्याचा खर्च जवळपास निम्मा. माठही सी-४ आणि घोळही सी-४. मग एक मरतो आणि दुसरी का जगते?

उत्तराचा धागा एका जुन्या पत्रात सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी भारतात पानफुटीची पानं चघळून पाहिली होती. पहाटे आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट, असं त्यांनी १८१३ साली लिनियन सोसायटीच्या ए. बी. लॅम्बर्ट यांना कळवलं. जिभेवर केलेला असा शुद्ध प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पानफुटी रात्री रंध्रं उघडते. हवा गार, बाष्पीभवन कमी. पकडलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, साठवते. सकाळी दार बंद करून तेच आम्ल फोडते आणि सूर्यप्रकाशात साखर बनवते. निवडुंग, अननस हेही याच वाटेचे. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुळावरून या पद्धतीला ‘क्रॅसुलेसियन ॲसिड मेटाबॉलिझम’, थोडक्यात ‘कॅम’ म्हणतात.

घोळ पाणी आहे तोवर ज्वारीसारखी दिवसा कामाला असते. ताण बसला की रात्रपाळीही सुरू करते. तिची ही दुसरी पाळी १९८० साली नोंदवली गेली. दोन्ही पाळ्यांचं पहिलं विकर एकाच जातीचं, पण त्याच्या जनुकाच्या प्रती वेगवेगळ्या. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. रात्रीची प्रत ताण आल्यावर जागी होते. मात्र हे सगळं एकाच पेशीत चालतं, की पानात दोन वेगळी खाती आहेत, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. २०२२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की दोन्ही कामं त्याच पेशींत होतात. रात्री साठवलेलं आम्ल दिवसा सी-४च्याच साखळीत शिरतं. घोळ नवा कारखाना उभारत नाही, जुन्याच यंत्रांवर जादा पाळी लावते.

याच काळात प्रोलिनसारखी द्रव्यंही पेशींत साचतात. ती पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांची घडी मोडू देत नाहीत.

अर्थात रात्रपाळीवर संसार फुलत नाही. रात्री पकडलेला कार्बन थोडाच, त्यातला बराचसा झाडाच्या स्वतःच्या श्वसनातून सुटलेला. वाढ जवळपास थांबते, फक्त तग धरला जातो. पाणी मिळालं की घोळ ही पाळी बंद करते. ‘घोळीची जनुकं मक्यात घालू, दुष्काळ संपवू’ अशा उत्साहाकडे म्हणूनच मी जरा सावधपणे पाहतो. शेतकऱ्याला झाड नुसतं जिवंत नको असतं, कणीस भरायला हवं असतं.

ताकातल्या घोळीला जो आंबूसपणा असतो, तो सगळा ताकाचा नसतो. कुंडीत घोळ असेल तर आठवडाभर पाणी तोडा. मग एक पान पहाटे सहाला चावून बघा, एक दुपारी चारला. नंतर भरपूर पाणी द्या आणि काही दिवसांनी पुन्हा पहाटेचं पान चाखा. पहिल्या पहाटेचा आंबटपणा त्यात नसेल.