शनी आणि सॅटर्न: ग्रह एक, देव दोन

रोमच्या फोरममधल्या (प्राचीन शहराच्या मुख्य चौकातल्या) त्या आठ उंच खांबांच्या फोटोखाली कुणी 'रोममधलं शनिमंदिर' असं लिहिलं की मला राहवत नाही. ते देऊळ सॅटर्न या रोमन देवाचं आहे; शनी ग्रहाचं इंग्रजी नाव त्याच्यावरूनच. शनिदेवाचा तिथे काहीही संबंध नाही.

शनी आपल्याला ठाऊक आहे. सूर्य आणि छायेचा मुलगा, तेल, साडेसाती. त्यावर वेळ घालवत नाही.

खरी गल्लत नावाच्या जन्मात आहे. शनी म्हणजे शनैश्चर, हळूहळू चालणारा. या ग्रहाला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. एका राशीत अडीच वर्षं, तीन राशी मिळून साडेसाती. आकाशातली ती मंद चाल आधी दिसली, तिच्यावरून नाव पडलं आणि त्या ग्रहालाच आपण देव मानलं.

सॅटर्नचं नेमकं उलट. लॅटिनमधला हा सातुर्नुस मुळात शेतीचा देव, हातात विळा घेतलेला. ग्रीकांनी हा ग्रह त्यांच्या क्रोनोस या देवाचा मानला होता. क्रोनोस म्हणजेच आपला सॅटर्न, असं रोमनांनी जुळवलं आणि देवाचं नाव ग्रहाला मिळालं. नावाच्या अर्थाबद्दल रोमन पंडित व्हॅरो म्हणतो, ते 'सतुस' म्हणजे पेरणीवरून आलं. अर्थ देवाला शोभतो, पण सातुर्नुसमधला 'सा' दीर्घ आणि सतुसमधला 'स' ऱ्हस्व. देवनागरीत लिहिलं की अडचण लगेच दिसते. म्हणून आजचे भाषाअभ्यासक ही व्युत्पत्ती सहजी मान्य करत नाहीत.

स्वभावही बघा. सॅटर्न हा सुवर्णयुगाचा राजा. त्याच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या बंधनात असत, ती डिसेंबरातल्या त्याच्या सणात सोडली जात. 17 डिसेंबरला सुरू होणाऱ्या या सॅटर्नेलियात मालक गुलामांना जेवू घालत. यात साडेसातीची धास्ती कुठे दिसते?

'सॅटर्न काळाचा देव' हा समजही तसाच चुकीचा. ग्रीकमध्ये काळ म्हणजे ख्रोनोस, आणि देवांचा राजा झ्यूस याचा बाप तो क्रोनोस. ही सरमिसळ खुद्द प्राचीन ग्रीकांनी सुरू केली, पण आपल्याकडे 'क' आणि 'ख' वेगळे आहेत, ते वापरावेत.

'सॅटर्डे'चा शनिवार मात्र बिनचूक आहे, कारण तो वार ग्रहाचा.