ब्रेक्झिटविषयीचा सार्वजनिक वाद

युनायटेड किंग्डमने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, आणि बाहेर पडायचेच तर कोणत्या अटींवर, या प्रश्नांवरून त्या देशात झालेला दीर्घकालीन सार्वजनिक वाद ब्रेक्झिटच्या नावाने ओळखला जातो. ‘ब्रिटन’ आणि ‘एक्झिट’ या दोन शब्दांच्या जोडणीतून हे नाव बनले. २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने, तर ४८.१ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला. हा वाद त्या कौलाच्या बराच आधी सुरू झाला होता. मात्र त्याचे सर्वांत कडवे पर्व कौलानंतरच्या साडेतीन वर्षांत घडले.

युरोपीय एकीकरणाशी ब्रिटनचे नाते प्रारंभापासूनच अवघडलेले होते. तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश मिळावा म्हणून ब्रिटनने केलेले अर्ज फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांनी १९६३ आणि १९६७ मध्ये अडवले. अखेर एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने १ जानेवारी १९७३ रोजी देशाला समुदायात नेले. दोनच वर्षांनी, जून १९७५ मध्ये, मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी या प्रश्नावर पहिले सार्वमत घेतले आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी सदस्यत्व कायम ठेवले. त्या वेळी सर्वांत प्रखर विरोध मजूर पक्षाच्या डाव्या गटाकडून झाला होता, कारण त्या गटाला समुदाय हा भांडवलदारांचा बाजार वाटत होता. उलट हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर यांनी समुदायात राहण्याच्या बाजूने प्रचार केला होता. पुढे पारडे फिरले. सप्टेंबर १९८८ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक दलोर यांनी ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेत सामाजिक हक्कांच्या युरोपचे चित्र मांडले, तेव्हा मजूर चळवळीला युरोपात संरक्षण दिसू लागले. त्याच महिन्यात ब्रूज येथील भाषणात थॅचर यांनी ब्रसेल्सहून चालणाऱ्या युरोपीय महाराज्याला विरोध जाहीर केला. समुदायातून युरोपीय संघ घडवणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारावरून हुजूर पक्षात बंडाळी माजली आणि ती पुढील पंचवीस वर्षे पूर्णपणे कधीच शमली नाही.

२००४ मध्ये दहा देश संघात आले. त्यांपैकी पूर्व युरोपातील देशांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून आपली श्रमबाजारपेठ खुली करणाऱ्या मोजक्या देशांत ब्रिटन होता, त्यामुळे पोलंड, लिथुएनिया आदी देशांतून अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक आले. संघातील मुक्त संचाराचे तत्त्व, म्हणजे कोणत्याही सदस्य देशात राहण्याचा व काम करण्याचा हक्क, आणि देशात होणाऱ्या स्थलांतराविषयीची चिंता या दोन गोष्टी तेव्हापासून एकमेकींत गुंतल्या. नायजेल फराज यांच्या युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टीने याच अस्वस्थतेला राजकीय रूप दिले. त्या पक्षाचा वाढता दबाव आणि स्वपक्षातील बंडखोरी थोपवण्यासाठी हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले आणि २०१५ च्या निवडणुकीत बहुमत मिळाल्यावर ते त्यांना पाळावे लागले.

प्रचारात दोन्ही बाजू वेगवेगळ्या भाषांत बोलत होत्या. संघात राहण्याचा पक्ष घेणारे बहुधा तोट्याचा हिशेब मांडत. बाहेर पडल्यास कालांतराने दरवर्षी प्रत्येक कुटुंबामागे ४,३०० पौंडांचे नुकसान होईल, असा अंदाज अर्थखात्याने प्रसिद्ध केला, तर विरोधकांनी असल्या इशाऱ्यांना ‘भीतीचा प्रकल्प’ ठरवले. बाहेर पडण्याचा पक्ष घेणाऱ्यांचा भर सार्वभौमत्वावर होता: आपले कायदे आपल्या संसदेने करावेत, त्यांचा अंतिम अर्थ आपल्या न्यायालयांनी लावावा आणि देशात कोणी यावे हे आपण ठरवावे. त्यांनी प्रचारबसवर लिहिलेला, संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड दिले जातात हा दावा दिशाभूल करणारा असल्याचे सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने सांगितले, कारण ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजा केलेली नव्हती. तरीही तो आकडा लोकांच्या मनात घर करून बसला. मतदानाच्या एक आठवडा आधी, १६ जून रोजी, संघात राहण्याच्या समर्थक असलेल्या मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांची एका अतिउजव्या हल्लेखोराने त्यांच्याच मतदारसंघात हत्या केली. दोन्ही बाजूंनी तीन दिवस प्रचार थांबवला.

मताचा अधिकार कोणाला होता, हाही वादाचा एक भाग होता आणि गोव्याशी त्याचा थेट संबंध येतो. ब्रिटिश व आयरिश नागरिकांबरोबर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदान करता येत होते. संघातील बहुतेक देशांच्या नागरिकांना मात्र, ते तेथे वर्षानुवर्षे राहत असले तरी, मत नव्हते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येत असल्यामुळे हजारो गोमंतकीय पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये गेले होते आणि स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती उभी राहिली होती. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने त्यांनी भारतीय नागरिकत्व गमावलेले होते. परिणामी पुण्याहून शिकायला आलेल्या, मतदारयादीत नाव असलेल्या भारतीय विद्यार्थ्याला या प्रश्नावर मत देता आले, पण ज्याचे तेथील वास्तव्यच या निकालावर अवलंबून होते त्या मडगावच्या गोदाम कामगाराला ते देता आले नाही. स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. सोळा व सतरा वर्षांच्या तरुणांना २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात असलेला अधिकार या वेळी नव्हता, याचीही खंत मोठी होती.

निकालाने देशातील दुफळी उघड केली. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूने गेले. स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली. लंडन, विद्यापीठांची शहरे, तरुण आणि पदवीधर एका बाजूला, तर जुनी औद्योगिक गावे, बंदरे आणि ज्येष्ठ मतदार दुसऱ्या बाजूला असे साधारण चित्र होते. लिंकनशरमधील बॉस्टन येथे, जिथे शेतीकामासाठी पूर्व युरोपातील मजूर मोठ्या संख्येने आले होते, ७५ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. ही विभागणी हुजूर आणि मजूर या दोन्ही पक्षांच्या मतदारवर्गांना मधोमध छेदून जात होती, त्यामुळे रूढ पक्षपद्धतीला हा वाद सामावून घेता आला नाही.

वादाच्या मुळाशी सार्वमताच्या रचनेतील एक गंभीर उणीव होती. मतपत्रिकेवर ‘राहणे’ आणि ‘बाहेर पडणे’ असे दोनच पर्याय होते. राहणे म्हणजे काय हे त्रेचाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. बाहेर पडणे म्हणजे नॉर्वेप्रमाणे युरोपच्या एकल बाजारपेठेत (समान नियमांच्या सामाईक बाजारात) राहणे, तुर्कस्तानप्रमाणे सीमाशुल्क संघात (आपसांत शुल्क नाही, बाहेरच्या मालावर सामाईक शुल्क अशा व्यवस्थेत) राहणे, कॅनडाप्रमाणे केवळ व्यापार करार करणे की कोणत्याही कराराविना निघून जाणे, हे कोठेच ठरलेले नव्हते. कायद्याने सार्वमत सल्लागार स्वरूपाचे होते आणि विशेष बहुमताची अटही नव्हती. त्यामुळे १ कोटी ७४ लाख मतदारांनी नेमके काय मागितले, याचा अर्थ प्रत्येक गट आपल्या परीने लावू लागला.

कॅमेरन यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांना या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप उत्तर आयर्लंडमध्ये भेटले. ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि संघात राहणारे आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधील सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर सशस्त्र संघर्षाच्या काळात लष्करी चौक्या होत्या. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर आणि दोन्ही बाजू एकाच बाजारपेठेत असल्यामुळे ती सीमा दैनंदिन जीवनातून जवळजवळ नाहीशी झाली होती. ब्रिटन सीमाशुल्क संघातून बाहेर पडल्यास मालाची तपासणी कोठे तरी करावीच लागणार होती. ती जमिनीवर करणे शांततेला धोकादायक होते, समुद्रात केली तर उत्तर आयर्लंड उर्वरित देशापासून वेगळा पडत होता, आणि ती टाळायची तर संपूर्ण देशाला संघाच्या सीमाशुल्क नियमांना बांधून घ्यावे लागत होते. मे यांच्या करारातील ‘बॅकस्टॉप’ ही तरतूद तिसऱ्या मार्गाची होती आणि तिच्यामुळे त्यांच्याच पक्षातील कडवे सदस्य करारावर उलटले. १५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभागृहाने तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. सरकारचा संसदेत इतका मोठा पराभव आधुनिक काळात झालेला नव्हता. आणखी दोनदा तो फेटाळला गेला. सभागृहाने २७ मार्च रोजी स्वतः पर्याय मतास टाकले, तेव्हा आठांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. १ एप्रिलला पुन्हा मतदान झाले, तेव्हा सीमाशुल्क संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी हुकला. तडजोड एवढ्या जवळ येऊन निसटली, ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चटका लावणारी बाब आहे.

संसदेबाहेर दुसऱ्या सार्वमताच्या मागणीसाठी लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले आणि बाहेर पडण्याची प्रक्रियाच रद्द करावी अशा याचिकेवर साठ लाखांहून अधिक सह्या झाल्या. दुसऱ्या बाजूला, दिलेला कौल उच्चभ्रू वर्ग हिरावून घेत आहे, ही भावना तितकीच प्रामाणिक होती. न्यायालयेही वादात ओढली गेली. संसदेच्या संमतीविना प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये म्हटले, तेव्हा एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर न्यायाधीशांची छायाचित्रे छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ ठरवले. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी, मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी केलेली संसदेची तहकुबी एकमताने बेकायदेशीर ठरवली.

जॉन्सन यांनी आयर्लंडच्या प्रश्नावर समुद्रातील तपासणीचा मार्ग पत्करला, १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ३६५ जागा मिळवल्या आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. संक्रमणकाळ त्याच वर्षाच्या अखेरीस संपला. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या गोमंतकीयांना स्थायी दर्जासाठी अर्ज करता आला. नव्याने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मात्र पोर्तुगीज पारपत्राचा तो मार्ग बंद झाला. संघातून होणारे स्थलांतर घटले, पण भारत आणि नायजेरियासारख्या देशांतून येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतराचा वार्षिक आकडा ९ लाखांवर गेला. उत्तर आयर्लंडमधील तपासणीची घडी संघाशी झालेल्या २०२३ च्या विंडसर आराखडा या समझोत्याने पुन्हा बसवण्यात आली. नंतरच्या जनमत चाचण्यांत बाहेर पडणे ही चूक होती असे मानणाऱ्यांचे प्रमाण सातत्याने अधिक दिसले. तरीही २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने एकल बाजारपेठेत, सीमाशुल्क संघात किंवा मुक्त संचाराच्या व्यवस्थेत परतणार नसल्याचे जाहीरनाम्यातच सांगितले होते. मे २०२५ मध्ये त्या सरकारने संघाशी केलेल्या समझोत्यात युरोपीय मच्छीमार नौकांना ब्रिटिश सागरी हद्दीत २०३८ पर्यंत प्रवेश देण्यात आला, तेव्हा एका बाजूने त्याला शरणागती म्हटले आणि दुसऱ्या बाजूने तो फारच अपुरा असल्याची तक्रार केली.