डंप विकले, डोंगर वाचले का?

डिचोली-सत्तरीच्या वाटेवर दिसणारं प्रत्येक लाल टेकाड हा डोंगर नसतो. त्यातले बरेच डंप आहेत, म्हणजे खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचे ढीग. १९५०च्या दशकात गोव्याचं लोहखनिज जपानला जाऊ लागलं, तेव्हा उंची माल बार्जमधून मांडवीवाटे मुरगाव बंदरात जाई आणि कमी लोहाची माती गावाच्या डोक्यावर रचली जाई. पावसाळ्यात ती शेतात उतरे, हे तिथल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

२०००नंतर चीनचे पोलाद कारखाने कमी प्रतीचा मालही उचलू लागले आणि कालचा कचरा रातोरात पैसा झाला. याच चीनने २००८मध्ये चक्राकार अर्थव्यवस्थेचा, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात आणण्याचा कायदा केला, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. ती कल्पना अर्थात त्याहून जुनी. पृथ्वी म्हणजे अंतराळयान, त्यात बाहेरून काही भरता येत नाही आणि बाहेर काही टाकताही येत नाही, असं अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी १९६६मध्ये मांडलं होतं. वस्तू दुरुस्त करून जास्त वर्षं वापरल्या तर माल कमी लागेल आणि रोजगार वाढेल, असा वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रेडे यांचा १९७६चा युक्तिवाद होता. जर्मनीचा असाच कायदा १९९६चा.

हरित विकास ही जोडीची कल्पना मात्र सरकारी बैठकांत जन्मली. २००५मध्ये सोल येथे आशिया-पॅसिफिकच्या पर्यावरणमंत्र्यांनी ती स्वीकारली, २००८मध्ये दक्षिण कोरियाने तिचं राष्ट्रीय धोरण केलं. आपल्याकडे २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या सात प्राधान्यांत हरित विकास आला. वाढ चालू ठेवायची आणि तिची झळ निसर्गाला कमी लागू द्यायची, हा त्याचा गाभा. ते साधायचं कसं, याचं उत्तर म्हणून चक्राकार अर्थव्यवस्थेकडे बोट दाखवलं जातं. गोव्यातल्याच साळगावच्या कचरा प्रकल्पात २०१६पासून ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसवर वीज होते, तिथे हे गणित जुळतंही.

खाणपट्ट्यात ते जुळलं नाही. डंप विकले गेले म्हणून नवं उत्खनन थांबलं नाही. २०१०-११पर्यंतच्या दशकात निर्यात दुपटीहून अधिक झाली. डंपाला भाव आला, म्हणून कमी प्रतीचा डोंगरही खणण्याजोगा ठरला. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या. एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्खननावर अंतरिम मर्यादा घातली: वर्षाला दोन कोटी टन. डंपमधला माल त्या मर्यादेबाहेर ठेवला.