हर्शेलचा थर्मामीटर आणि शनीचा गोठलेला चंद्र

पंचांगात युरेनसच्या जागी आजही ‘हर्षल’ छापलेलं असतं. १७८१ मध्ये तो ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचंच हे नाव. १७८९ मध्ये त्यांनीच शनीचा एन्सेलॅडस हा चंद्र शोधला. पुढे १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, त्यांनी थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हेच अवरक्त किरण. एन्सेलॅडस आणि अवरक्त किरण या दोन शोधांची खरी गाठ पडायला मात्र २००५ साल उजाडलं.

एवढा उशीर का? एक तर हवेतली वाफ यातले बरेच किरण शोषून घेते. शिवाय प्रत्येक उबदार वस्तू हे किरण सोडते; दुर्बीण स्वतःच उबदार, म्हणजे तीही अवरक्तात चमकते. १९६१ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक लो यांनी द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेला जर्मेनियमचा संवेदक बनवला आणि वाट मोकळी झाली. गुरू सूर्याकडून घेतो त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकतो, हे त्याच दशकात कळलं. १९७२ मध्ये गुरूच्या युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांवर पाण्याचं बर्फ असल्याचं पक्कं झालं. परतून येणाऱ्या सूर्यप्रकाशातल्या ज्या अवरक्त लहरी बर्फ गिळतं, नेमक्या त्याच तिथे कमी भरल्या. कोरडी हवा हवी म्हणून हवाईतल्या मौना केआवर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, नासाची अवरक्त दुर्बीण १९७९ मध्ये सुरू झाली.

एन्सेलॅडस जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, पांढराशुभ्र, सरासरी उणे २०० अंश सेल्सियसच्या आसपासचा. जुलै २००५ मध्ये शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान त्याच्या अगदी जवळून गेलं. दक्षिण ध्रुव विषुववृत्तापेक्षा थंड असायला हवा होता, तर यानावरच्या अवरक्त उपकरणाला तोच भाग गरम दिसला! मला हा क्षण या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. ऊब येत होती तिथल्या चार लांब भेगांमधून, आणि त्यांतूनच वाफेचे, बर्फकणांचे फवारे उडत होते. एन्सेलॅडसच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा शनीच्याच डायोनी या चंद्राची एक होते. या तालामुळे एन्सेलॅडसची कक्षा लंबगोल राहते आणि शनीची ओढ त्याला सतत मळत, तापवत ठेवते.

२०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीने याच वाफेचा पिसारा ९,६०० किलोमीटरहून लांब पसरलेला दाखवला. ही दुर्बीण सूर्याकडे पाठ करून, पाच पदरी पडद्याच्या सावलीत, उणे २२० अंशांच्याही खाली ठेवलेली आहे. तिची स्वतःची ऊब आड येऊ नये म्हणून.