नाशिकमध्ये बीएला तत्त्वज्ञान घ्यायचंय? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कॉलेजांत प्रवेशाची गर्दी होते. त्या गर्दीत तत्त्वज्ञानासाठी आलेलं मूल एखादंच असतं. त्याला आधी एक गोष्ट कळायला हवी: तत्त्वज्ञानाचा म्हणून वेगळा प्रवेश नसतो. प्रवेश एफवायबीएला, म्हणजे बीएच्या पहिल्या वर्षाला मिळतो आणि तत्त्वज्ञान हा त्या अर्जातल्या विषयांच्या रकान्यातला एक विषय असतो. सगळा खेळ त्या रकान्याचा आहे.

माझ्या भाचीनं माहितीपत्रकात विषय छापलेला पाहिला, फॉर्म भरला, फीही भरली. वर्ग सुरू झाल्यावर समजलं की पुरेशी मुलं नसल्यानं तो विषय चालतच नाही. तोवर बाकीच्या कॉलेजांच्या याद्या संपल्या होत्या. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, फी भरण्याआधी विभागात स्वतः जा. विषय यंदा चालणार आहे का, शिकवायला प्राध्यापक कोण आहेत आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो मुख्य विषय म्हणून (जुन्या भाषेत 'स्पेशल') मिळतो का, हे तोंडावर विचारा. काही ठिकाणी तो फक्त 'जनरल'ला, म्हणजे दुय्यम विषय म्हणून असतो. खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही.

हे पहिल्याच वर्षी विचारायचं, कारण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतूनच पुढे मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय ठरतात. तत्त्वज्ञान सुरुवातीला घेतलं नाही, तर दुसऱ्या वर्षी ते मेजर करायची वाट जवळजवळ बंद होते. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट्स (श्रेयांक) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६.

पात्रता सोपी आहे. कोणत्याही शाखेतून बारावी पास, बस. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र किंवा तत्त्वज्ञान नव्हतं म्हणून काही अडत नाही. सायन्सच्या मुलांनी तर बिचकूच नये. गणिताची सवय तर्कशास्त्राला फार उपयोगी पडते. प्रवेश बारावीच्या गुणांवर लागणाऱ्या यादीनुसार होतो. जागा अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित, तेवढं मात्र पाहा, फीमध्ये बराच फरक पडतो.

आणि हा विषय घ्यावाच का, असं घरी विचारतील. आपल्याच गावात पांडवलेणी आहेत, तिथं बौद्ध दर्शन दगडात कोरलेलं दिसतं. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह इथलाच. समता आणि न्याय म्हणजे काय, हा प्रश्न त्यात उभा आहे. नाशिकच्या मुलाला हा विषय परका वाटू नये. शिवाय यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं, ५०० गुणांसाठी.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला (एलसी), आधार, फोटो आणि डिजिलॉकरवरून काढलेला एबीसी आयडी, म्हणजे तुमची क्रेडिट्स जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक. मूळ एलसी कॉलेज जमा करून घेतं, त्यामुळे आधीच चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर ते निकालाआधीच दुरुस्त करा; एबीसी आयडी आणि शिष्यवृत्ती, दोन्ही तिथंच अडतात. सीबीएसई किंवा दुसऱ्या बोर्डाच्या मुलांना मायग्रेशन सर्टिफिकेट (आधीच्या बोर्डाचा स्थलांतर दाखला) आणि विद्यापीठाचा पात्रता फॉर्म लागतो. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला, ओबीसी, व्हीजेएनटी वगैरेंना सोबत नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला). सेवा हमीच्या नियमांत उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस आणि नॉन-क्रिमीलेअरला ४५ दिवस आहेत. म्हणजे निकालानंतर सेतू केंद्रात रांग लावली तर पहिली यादी हातून जाऊ शकते. एप्रिलमध्येच अर्ज टाका, कारण नॉन-क्रिमीलेअरची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते आणि मुदत संपलेला दाखला चालत नाही.

प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात.

नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीए ऑनर्स तत्त्वज्ञान आहे. तिथं जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत ऑनलाइन प्रवेश होतो आणि बारावी पुरते.