जांभळाच्या रंगातून वीज, आणि नायोबियमची चिमूट

जांभळं खाल्ली की जीभ रंगते ती अँथोसायनिनमुळे. हेच रंगद्रव्य काचेवरच्या पांढऱ्या थरात मुरवलं तर उन्हात वीज मिळते. रुरकीच्या आयआयटीने २०१७ मध्ये जांभूळ वापरून तसा सौरघट केला होता. मूळ कल्पना ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांची, १९९१ सालची. त्यांच्या घटाची कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या वर गेली होती. जांभळासारखे नैसर्गिक रंग अजून साधारण एका टक्क्याच्या आसपासच घुटमळतात.

तो पांढरा थर टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या पेंटमधलाच. फक्त कण सुमारे २० नॅनोमीटरचे. दिसणारा उजेड त्याला पकडता येत नाही, रंग पकडतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्या हवाली करतो. खरी अडचण इथून पुढे. कणाकणांतून वाट काढताना इलेक्ट्रॉन ठिकठिकाणी अडकतो, आणि रेंगाळला की शेजारच्या द्रावणात (इलेक्ट्रोलाइटमध्ये) परत जातो. विहिरीवरून मातीच्या दांडाने संत्र्यांना पाणी न्यावं आणि बरंचसं वाटेतच मुरावं, तसं.

म्हणून कणांत दुसऱ्या धातूची चिमूट घालतात. चार प्रभार असलेल्या टायटॅनियमच्या जागी पाच प्रभारांचा नायोबियम बसला, की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो आणि थर अधिक वाहक होतो. रंगाकडून इलेक्ट्रॉन घेणंही सोपं होतं. पण व्होल्टेज उतरतं. मॅग्नेशियमचं उलट: व्होल्टेज चढतं, इलेक्ट्रॉन घेणं मात्र अवघड होतं. आणि धातू जास्त झाला, तर तो धातूच इलेक्ट्रॉन गिळणारा सापळा बनतो. त्यामुळे ‘प्रवाह वाढला’ एवढ्याने माझं समाधान होत नाही. व्होल्टेज किती उरलं, हे मी आधी पाहतो.

विदर्भासाठी आणखी एक कसोटी आहे, उष्णतेची. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हातली काच त्याहून कितीतरी तापते. घटातल्या द्रावणासाठी बहुधा वापरलं जाणारं अ‍ॅसिटोनायट्राइल ८२ अंशांना उकळतं. त्याच्या खूप आधीच ते सांध्यांतून उडून जाऊ लागतं. त्यावर नायोबियमचा इलाज नाही. वावरातला पंप चालवायला सिलिकॉनच हवा, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगायला हवं.

मंद उजेडात मात्र हे घट सिलिकॉनला मागे टाकतात. २०१७ मध्येच १००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) कृत्रिम प्रकाशात २८.९ टक्के कार्यक्षमता नोंदली गेली, अर्थात जांभळाच्या नव्हे, कृत्रिम रंगांच्या घटात. सोयाबीनच्या गोदामात ओल मोजणाऱ्या छोट्या सेन्सरला एवढी वीज पुरावी. पत्र्याखालीही उन्हाळ्यात उकाडा असतोच, तेव्हा तिथे द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइटचा घट बसवावा.