उंच गाडी, ओला रस्ता आणि एक बटण

पाऊस सुरू झाला की मुंबईत गाडी चालवण्याच्या सल्ल्यांचाही पूर येतो. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत एक सल्ला हमखास असतो. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघांचं चित्र असलेलं बटण शोधा आणि दाबून ठेवा. गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो, चढावर इंजिन गुदमरत नाही. हा सल्ला चुकीचा आहे. एसयूव्ही चालवणाऱ्यासाठी तर तो धोकादायक आहे, कारण आपल्या गाडीच्या उंचीचा तोटा भरून काढणारी यंत्रणा तो नेमका पावसाळ्यात बंद करतो.

या यंत्रणेचं सर्वसाधारण नाव इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. कंपनीप्रमाणे तिला ईएसपी किंवा व्हीएससी असंही म्हणतात. अनेक गाड्यांत तेच बटण एकदा दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, म्हणजे जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाची ताकद कमी करणारा भाग. काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलही बंद होतं. दोन्ही कामं वेगळी आहेत, पण बटण एकच असल्याने गोंधळ होतो. ‘गाडी मोकळी झाली’ असं जे जाणवतं ते ट्रॅक्शन कंट्रोल गेल्यामुळे. इंजिनाची ताकद तितकीच असते, फक्त ती घसरत्या चाकातून वाया घालवायची मुभा मिळते.

आता उंचीबद्दल. एसयूव्हीत उंच बसलं की रस्ता लांबवर दिसतो आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण गाडी पलटी होणार की नाही, हे एका साध्या गुणोत्तरावरून बरंच कळतं. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. साध्या सेडानमध्ये हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्हीत १ ते १.३. आकडा १.१ असेल, तर सपाट रस्त्यावर गाडी उलटायला गुरुत्वाकर्षणाच्या १.१ पट आडवा जोर लागतो.

इथे एक प्रश्न पडायला हवा. कोरड्या डांबरावरसुद्धा सामान्य टायर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ ते ०.९ पटींपेक्षा जास्त आडवा जोर सहसा पेलू शकत नाही. म्हणजे उलटायच्या आधी गाडी घसरायला हवी. मग एसयूव्ही पलटी होतात कशा? बहुतेक वेळा त्या आधी आडव्या होऊन घसरतात, आणि घसरता घसरता चाक कशाला तरी अडतं. डिव्हायडरची कड, पेव्हर ब्लॉकचा उंचवटा, रस्त्याकडेची मऊ माती. चाक अडतं, वरचा भाग पुढे जात राहतो आणि गाडी कलंडते. टपावर कॅरिअर लावून सामान लादलं की गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि काम आणखी सोपं होतं.

म्हणजे उलटणं टाळायचं असेल तर आडवं घसरणं टाळलं पाहिजे. ईएससीचं सगळं काम या एका वाक्यात आहे.

बॉश आणि मर्सिडीज यांनी १९९५ साली ही यंत्रणा प्रथम एस-क्लास गाडीत आणली. ती सर्वांना ठाऊक झाली ती मात्र एका अपघातामुळे. १९९७ साली स्वीडनमध्ये एका मोटार मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजचीच नवी, आखूड आणि उंच ए-क्लास गाडी उलटली. रस्त्यात अचानक मोठं सांबर आलं तर चालक जसं स्टिअरिंग एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवेल, तशी ती चाचणी होती. कंपनीने त्यानंतर ए-क्लासच्या प्रत्येक गाडीत ही यंत्रणा बसवली. महागड्या गाडीची चैन समजली जाणारी गोष्ट अशी लहान गाडीत आली.

ती काम कशी करते? गाडीतला संगणक दोन आकडे सतत ताडून पाहतो. पहिला आकडा तुमच्या मनातला. स्टिअरिंगचा कोन, चाकांचा वेग आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर यांवरून तो हिशोब करतो की गाडीचं नाक दर सेकंदाला किती अंश वळायला हवं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर या वेगाने नाक सेकंदाला साधारण साडेअकरा अंश वळलं पाहिजे. दुसरा आकडा प्रत्यक्षातला, म्हणजे नाक खरोखर किती वळतंय तो. साडेअकराऐवजी पाचच अंश वळत असेल, तर पुढची चाकं घसरून गाडी सरळ चालली आहे. वीस अंश वळत असेल, तर मागचा भाग बाहेर फेकला जातोय.

हा दुसरा आकडा मोजायचा कसा? मला या यंत्रणेतलं सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर ते हे. चाकांचा वेग मोजून तो भरवशाने मिळत नाही, कारण चाकं घसरत असताना ती खरं सांगत नाहीत. आडवा झटका मोजून गाडी बाजूला किती ढकलली जातेय ते कळतं, पण ती स्वतःभोवती किती फिरतेय ते कळत नाही. बाहेरच्या जगाकडे न पाहता, बंद डबीत बसून ‘मी फिरतोय का’ हे ओळखायचं आहे.

त्यासाठी कोरिऑलिस बल वापरतात. बागेतल्या फिरत्या चक्रावर उभे राहून मध्यापासून कडेकडे चालत गेलात, तर कोणी बाजूला ओढतंय असं वाटतं. कडेचा भाग मध्यापेक्षा जास्त वेगाने फिरत असतो, आणि प्रत्येक पावलागणिक तुमच्या शरीराला तो जास्तीचा आडवा वेग मिळवावा लागतो. म्हणून हा ओढा. तुमचा चालण्याचा वेग गुणिले चक्राचा फिरण्याचा वेग गुणिले दोन, एवढं त्याचं त्वरण असतं. चक्र थांबलं की ओढा शून्य.

आता हे चक्र म्हणजे गाडी, आणि चालणारा माणूस म्हणजे सिलिकॉनचा एक कण. चिपमध्ये केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेला तुकडा विजेच्या साहाय्याने मागे-पुढे थरथरत ठेवतात. समजा, तो सेकंदाला १५ हजार वेळा, मध्यापासून पाच मायक्रोमीटरपर्यंत हलतो. मग त्याचा कमाल वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर होतो. गाडी सेकंदाला साडेअकरा अंश वळत असेल, म्हणजे ०.२ रेडियन, तर त्या तुकड्यावर येणारं आडवं त्वरण दोन गुणिले अर्धा गुणिले ०.२, म्हणजे ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासाव्या भागाइतकं आहे. तुकडा बाजूला सरकतो तो नॅनोमीटरहूनही कमी, एखाद्या अणूच्या आकाराच्या आसपास. एवढं अंतर थेट मोजता येत नाही. पण तुकड्याला कंगव्यासारखे दात असतात, समोरच्या स्थिर दातांशी मिळून ते कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जोडी बनतात, आणि सरकण्याने बदललेली साठवण्याची क्षमता मोजता येते.

आणि खड्डे? गाडी खड्ड्यात आदळली की या तुकड्याला बसणारा धक्का कोरिऑलिसच्या ओढ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यावरची युक्ती अशी, की दोन तुकडे ठेवायचे आणि ते परस्परांच्या उलट दिशेने थरथरवायचे. खड्ड्याचा धक्का दोघांना एकाच बाजूला ढकलतो. कोरिऑलिस मात्र वेगाच्या दिशेवर अवलंबून असल्याने दोघांना विरुद्ध बाजूंना ढकलतो. दोघांच्या सरकण्याची वजाबाकी केली की धक्का निघून जातो आणि वळण दुप्पट होऊन उरतं. मोबाइलमधला जायरोस्कोप, म्हणजे फोन किती फिरला ते ओळखणारा सेन्सर, याच जातीचा.

जाता जाता एक गैरसमज. बेसिनमधलं पाणी कोरिऑलिसमुळे अमुक दिशेनेच भोवरा घेतं, असं अनेकजण ठामपणे सांगतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपल्या उदाहरणातली गाडी तिच्या पावणेतीन हजार पटींनी वेगाने वळतेय. बेसिनमधली दिशा ठरते भांड्याच्या आकाराने आणि पाणी कसं ओतलं त्यावरून. पृथ्वीचं फिरणं पाहायचंच असेल तर लांब दोरीचा जड लंबक हवा. दिल्लीत नव्या संसद भवनात असा फुको लंबक टांगला आहे. मुंबईच्या अक्षांशावर अशा लंबकाची दिशा एक पूर्ण फेरी घ्यायला सुमारे ७३ तास घेईल.

आता पुन्हा गाडीकडे. नाक किती वळायला हवं आणि खरोखर किती वळतंय, या दोन आकड्यांत फरक पडला की यंत्रणा एकाच चाकाला ब्रेक लावते. हे आपल्याला पायाने कधीच जमणार नाही, कारण आपला पेडल चारही चाकांना मिळून एकच असतो. गाडी डावीकडे वळतेय आणि मागचा भाग उजवीकडे फेकला जातोय असं समजा. तेव्हा पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लागतो, ते चाक मागे खेचतं आणि गाडीचं नाक उजवीकडे फिरून सरळ होतं. उलट, नाक वळतच नसेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो आणि इंजिनाची ताकदही कमी केली जाते. यासाठी एबीएसचेच, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचेच, व्हॉल्व्ह आणि पंप वापरले जातात. चालकाने पेडलला पाय लावलेला नसला तरी पंप स्वतः दाब तयार करतो. डॅशबोर्डवरचा दिवा तेव्हा लुकलुकतो. तो लुकलुकणं बिघाड नाही. वेग कमी करा, एवढंच तो सांगतोय.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २००६ मध्ये अपघातांची आकडेवारी तपासली. एसयूव्ही एकटीच उलटून होणाऱ्या जीवघेण्या अपघातांचा धोका ईएससीमुळे सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून दिसलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्येही, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या चाचणीतही, तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ही यंत्रणा गाडीत असावीच लागते. पण शोरूममध्ये ‘ही गाडी पलटी होतच नाही’ असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. यंत्रणा टायरची उरलेली पकड चार चाकांत नीट वाटते. नसलेली पकड ती आणणार कुठून?

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणं आणि बंपरला लिंबू-मिरची बांधणं, याने घसरण थांबत नाही. ती थांबते टायरच्या खाचांनी. आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांना हात जोडून सांगतो, मूर्ती शेजारच्या सीटसमोरच्या डॅशबोर्डवर चिकटवू नका. तिथे एअरबॅगचं झाकण असतं. अपघातात ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते, आणि मूर्ती थेट शेजारी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते.

यंत्रणेची सर्वांत मोठी मर्यादा वेगात आहे. वळणावर लागणारा आडवा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. अटल सेतूवर कमाल वेग ताशी १०० आहे, पण चढण्या-उतरण्याच्या मार्गावर ४०. लांब सरळ पुलावर इतका वेळ शंभरने आल्यावर ७० फार हळू वाटतं. प्रत्यक्षात ७० च्या वेगाला त्या वळणावर ४० च्या तिप्पट पकड लागते. आणि ओल्या डांबरावर मिळणारी पकड कोरड्याच्या निम्म्यापर्यंतही येऊ शकते. पहिल्या पावसात तेल आणि धूळ वर तरंगते तेव्हा, उड्डाणपुलांच्या लोखंडी सांध्यांवर किंवा मेट्रोच्या कामाच्या प्लेटांवर ती आणखी घटते. साचलेल्या पाण्याच्या थरावर टायर पूर्ण तरंगायला लागला, तर ब्रेक लावायला रस्ताच उरत नाही. फोर-व्हील ड्राइव्हचाही इथे भरवसा धरू नका. ती गाडी पुढे ढकलायला मदत करते. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच.

दुसरी मर्यादा अशी, की स्टॅबिलिटी कंट्रोल रस्ता पाहत नाही. ते तुमचे हात वाचतं. गाडी घसरली की घाबरून समोरच्या खांबाकडे पाहत स्टिअरिंग गच्च धरून बसलात, तर संगणक समजतो की तुम्हाला तिकडेच जायचंय. जिथे जायचंय तिकडे नजर ठेवा, स्टिअरिंग तिकडे वळवा. ब्रेक दाबला असेल आणि पेडल पायाखाली धडधडत असेल तर सोडू नका. ते एबीएसचं काम चालू असल्याचं लक्षण आहे, आणि पाय उचलून पुन्हापुन्हा मारल्याने फक्त अंतर वाया जातं. पावसात क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, मात्र बंद ठेवा.

बटण बंद करायची वेळ खरंच येते ती चाक रुतल्यावर. अलिबागकडे किनाऱ्यावर उतरवलेली एसयूव्ही वाळूत बसली, तर ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाची ताकद पुन्हापुन्हा काढून घेतं आणि गाडी हलत नाही. तेव्हा ते बंद करा, हळू अॅक्सिलरेटर देऊन बाहेर काढा आणि डांबरावर येताच चालू करा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की ते आपोआप चालू होतं; तुमच्या गाडीत होतं का, ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. काही फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत ‘फोर-लो’, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, लावल्यावर ईएससी आपणहून बंद होतं, तेही त्यातच कळेल.

देखभालीत दोन गोष्टी सहज सुटतात. रुबाबासाठी मोठ्या मापाचे टायर टाकले की गुरुत्वमध्य वर जातो आणि चाकांच्या वेगाचा हिशोबही बदलतो. खाचा कायद्याने किमान १.६ मिलिमीटर असाव्या लागतात, पण मुंबईच्या पावसात तिथवर वाट पाहू नये. दुसरी गोष्ट व्हील अलाइनमेंटची. ते केल्यावर स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरचं शून्य अनेक गाड्यांत पुन्हा लावून घ्यावं लागतं. नाहीतर सरळ जाताना संगणकाला वाटतं की तुम्ही किंचित वळताय. अलाइनमेंटवाल्याकडे ते यंत्र आहे का, हे काम द्यायच्या आधी विचारा. इग्निशन चालू केल्यावर तो घसरणाऱ्या गाडीचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा विझलाच नाही, तर दुरुस्त होईपर्यंत घाटात जाऊ नका.